खोली चाळिशीत, प्रोसेसर नव्वदीत : लिक्विड कूलर नेमका कोणी घ्यावा?

नवा कॉम्प्युटर बांधून घ्यायला दुकानात गेलं की कोटेशनमध्ये हल्ली एक ओळ हमखास दिसते : '३६० एमएम एआयओ', म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा लिक्विड कूलर. पुढे आठ-दहा हजारांचा आकडा. हे कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आपल्याकडचं ऊन बघता लिक्विडच टाका, साहेब." लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओवाला असो, वाळूजच्या कारखान्यांना थ्रीडी ड्रॉइंग करून देणारा डिझायनर असो की बारावीच्या सुट्टीत गेमिंग पीसीचा हट्ट धरून बसलेला मुलगा, सल्ला तोच. मराठवाड्यात ऊन जास्त आहे हे कुणी नाकारणार नाही. पण त्यावरून 'म्हणून लिक्विड घ्या' असं म्हणणं बहुतेकांच्या बाबतीत चुकीचं आहे. ते का, हे पाहू.

## उष्णता येते कुठून?

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एएमडीचा रायझन ५ ७६०० पूर्ण ताणावर साधारण ८८ वॅटपर्यंत जातो. इंटेलचा कोअर आय९-१४९००के अधिकृत मर्यादेतच २५३ वॅटपर्यंत जातो. एवढी उष्णता नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडायची असते. ती वेळेवर निघाली नाही तर चिप स्वतःच आपला वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या या चिपांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५ आणि मोठ्या कॅशच्या (चिपमधल्या जलद मेमरीच्या) ७८००एक्स३डीची ८९.

म्हणजे कूलर कमी पडला तर प्रोसेसर जळत नाही, तो मंदावतो. रेंडर (ड्रॉइंग किंवा व्हिडिओचं अंतिम चित्र तयार करण्याचं काम) अर्ध्या तासाऐवजी पस्तीस मिनिटांनी होतो, एवढाच तो तोटा. 'कूलर चांगला नसला तर मशीन उडेल' ही भीती वीस वर्षांपूर्वी खरी होती. आता तिच्यावर फक्त दुकानं चालतात.

## एआयओ म्हणजे नक्की काय?

एआयओ म्हणजे ऑल-इन-वन : कारखान्यातूनच द्रव भरून, सील करून आलेला लिक्विड कूलर. प्रोसेसरवर तांब्याची एक सपाट पट्टी बसते, तिच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक खाचा असतात. बहुतेक मॉडेलांत तिच्यावरच छोटा पंप असतो. पंप द्रव फिरवतो, खाचांमधून जाताना द्रव तापतो, दोन रबरी नळ्यांपैकी एकीतून रेडिएटरकडे जातो, तिथे पंख्यांच्या हवेने निवतो आणि दुसरीतून परत येतो. ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून पाहिलंय? तीच रचना, फक्त इंजिनाच्या जागी प्रोसेसर. ट्रॅक्टरचा रेडिएटर इंजिनाला थंडी देत नाही, इंजिनाची उष्णता बाहेरच्या हवेत नेऊन टाकतो. इथेही नेमकं तेवढंच होतं, आणि पुढचं सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं.

२४०, ३६० हे आकडे रेडिएटरवर बसणाऱ्या पंख्यांचे. १२० मिलिमीटरचे दोन पंखे म्हणजे २४०, तीन म्हणजे ३६०. १४० मिलिमीटरचे दोन बसले की २८०, तीन बसले की ४२०. गंमत अशी की २८०चं क्षेत्रफळ २४०पेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरतं आणि ३६०च्या जवळ जातं, तरी आपल्या बाजारात २८० फारसा कुणी सुचवत नाही. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो बसत नाही, हे एक कारण.

ब्रँड पुष्कळ दिसतात, पण आतलं यंत्र बनवणारे थोडेच. डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने बनवलेले पंप वर्षानुवर्षं वेगवेगळ्या नावांच्या झाकणांखाली विकले गेले. २००९ साली आलेला कोर्सेअरचा एच५०, ज्याने हा प्रकार घराघरांतल्या पीसीपर्यंत नेला, तोही असेटेकचाच. आता स्वतःचे पंप करणारे वाढलेत, तरी दोन डब्यांच्या किमतीत चार हजारांचा फरक असेल तर तो आतल्या यंत्राचा आहे की वरच्या दिव्यांचा, हे विचारायलाच हवं.

## यात पाणी भरावं लागतं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये. आपल्याकडे कूलर म्हणजे खिडकीला लावलेला, वाळ्याचा किंवा जाळीचा. त्यात रोज बादल्या ओताव्या लागतात. तो कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, म्हणून पाणी संपतं. एआयओमध्ये वाफ होत नाही. आतलं पेला-दीड पेला द्रव (पाणी, ग्लायकॉल, आणि गंज-शेवाळं धरू नये म्हणून घातलेली रसायनं) तेच तेच फिरत राहतं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा लातुरात एखाद्याकडे एआयओ असता तर तो त्या पाण्यावाचूनही चालला असता.

पण दोन्ही कूलरांतला महत्त्वाचा फरक पाण्याचा नाही. खिडकीतला कूलर हवेला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकतो. एआयओ कशालाही खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर रेडिएटरमधला द्रव ४०च्या खाली जाणं शक्यच नाही, मग कूलर तीस हजारांचा का असेना.

## खरा आकडा खोलीचा

यूट्यूबवर दिसणाऱ्या बहुतेक चाचण्या २० ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत झालेल्या असतात. समजा एका चाचणीत प्रोसेसर ७५ अंशांवर थांबला आणि खोली २१ होती. म्हणजे खोलीपेक्षा तो ५४ अंश वर गेला. हा ५४ हाच त्या कूलरचा त्या प्रोसेसरवरचा खरा आकडा, कारण खोली तापली तरी हा फरक साधारण तेवढाच राहतो. आता तेच मशीन परभणीत मे महिन्यात दुपारी तीनला पत्र्याच्या खोलीत ठेवा. खोली ४०, अधिक ५४, म्हणजे ९४. एएमडीची मर्यादा अगदी तोंडावर. पत्रा संध्याकाळपर्यंत आत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे खोली बाहेरच्यापेक्षाही तापलेली असू शकते. माळवदाच्या जुन्या घरात हेच मशीन सुखात राहील.

आता या ५४ची फोड करू. रेडिएटर मोठा घेतला की फक्त द्रव कमी तापतो. पण २०० वॅटच्या आसपास चांगल्या ३६०मध्ये द्रव खोलीपेक्षा साधारण दहा-पंधरा अंशच वर गेलेला असतो. उरलेले चाळीसेक अंश चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण, त्यावर लावलेली उष्णता पुढे नेणारी पेस्ट आणि तांब्याची पट्टी या टप्प्यांतच जातात, आणि तिथे रेडिएटरचा काही इलाज चालत नाही. म्हणून २४०वरून ३६०वर गेल्याने मोठ्या प्रोसेसरवर चार-सहा अंश मिळतात, लहानावर त्याहून कमी. आणि खोली ४०वरून ३२वर आणली तर? सरळ आठ मिळतात. तेही प्रोसेसरबरोबर ग्राफिक्स कार्डाला, हार्ड डिस्कला, आणि मशीनसमोर बसलेल्या माणसाला.

अजून एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कूलर बदलल्याने खोलीत येणारी उष्णता एका वॅटनेही कमी होत नाही. प्रोसेसर २५० वॅट आणि ग्राफिक्स कार्ड ३०० वॅट खात असेल, तर दार-खिडकी बंद खोलीत साडेपाचशे वॅटचा हिटर लागलेला आहे. प्रोसेसरवर नुसत्या पंख्याचा एअर कूलर लावा नाहीतर लिक्विड, खोली सारखीच तापते. लिक्विडने 'खोली थंड राहते' हे निव्वळ चुकीचं आहे.

## मग एअर कूलरने भागतं?

बहुतेकांचं भागतं. एअर कूलर म्हणजे तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मनोरा आणि पंखा. त्या नळ्यांच्या आतही थोडा द्रव असतो. खाली त्याची वाफ होते, वर जाऊन ती पुन्हा द्रव होते, पंपाशिवाय. साधारण अडीच हजारांत एका मनोऱ्याचा चांगला कूलर येतो, चार-पाच हजारांत दोन मनोऱ्यांचा. हा दोन मनोऱ्यांचा कूलर बऱ्याच २४० एआयओंच्या खांद्याला खांदा लावून चालतो. २४० एआयओ मला म्हणूनच अवघड जागचं दुखणं वाटतं : पैसे लिक्विडचे, काम एअरचं. १२० एमएमच्या एआयओबद्दल तर बोलूच नये. अगदी चिमुकल्या कॅबिनेटशिवाय तो घ्यायला एकही कारण नाही.

गेमिंगचं पाहा. ७८००एक्स३डी गेमिंगसाठी नावाजलेला प्रोसेसर, पण खेळताना तो साधारणतः शंभर वॅटच्या आतच असतो. त्याच्यावर ३६० लावणं म्हणजे नुसती हौस. हौसेला मोल नसतं हे खरं, पण कोटेशनमध्ये ती 'गरज' म्हणून लिहू नये. तेच चार-पाच हजार ग्राफिक्स कार्डात घातले तर खेळताना दिसतील.

एअर कूलर कुठे अडतो? उंचीत आणि वजनात. नॉक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यांसकट १६५ मिलिमीटर उंच आणि १.३२ किलो वजनाचा आहे. अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर लागत नाही. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बांधलेलं मशीन कुरिअरने नांदेडला येणार असेल, तर एवढं वजन मदरबोर्डला लटकवून पाठवणं धोक्याचं. रस्त्यांची आपली अवस्था सांगायला नको. अशा वेळी कूलर वेगळ्या खोक्यात मागवावा आणि इथे बसवावा.

## लिक्विडची बाजू कुठे खरी ठरते?

ज्याचा प्रोसेसर तासन्‌तास सगळ्या कोअरवर (आतल्या गणना करणाऱ्या भागांवर) दोनशे वॅटच्या वर चालतो, त्याच्यासाठी. कोअर आय९ किंवा रायझन ९ ७९५०एक्सवर रात्रभर थ्रीडी रेंडर लावणारा, फोर-के फुटेज एक्स्पोर्ट करणारा. इथे चांगला ३६० एअर कूलरपेक्षा उघडपणे पुढे असतो, आणि कमी आवाजात असतो. आपल्याकडे तर योग असा की वैशाखातली लग्नसराई आणि मेचा पारा एकाच वेळी चढतात. स्टुडिओवाल्याच्या मशीनवर वर्षातला सर्वांत जास्त ताण वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांतच येतो. दोन मनोऱ्यांचा एअर कूलर जानेवारीत जे निभावतो ते मेमध्ये निभावेलच असं नाही. या माणसाने ३६० घेतला तर मी त्याला अडवणार नाही.

मात्र त्याने चाचण्या नीट पाहाव्यात. द्रव तापायला वेळ लागतो. पहिली पाच-दहा मिनिटं एआयओ फार छान आकडे दाखवतो, कारण उष्णता अजून द्रवातच साठत असते. खरा आकडा वीस-तीस मिनिटांच्या सलग ताणानंतर दिसतो. दहा मिनिटांची चाचणी पाहून कूलर निवडणाऱ्याला तासाभराचा एक्स्पोर्ट वेगळंच चित्र दाखवतो.

## दोन एआयओंची तुलना कशावर करायची?

डब्यावर लिहिलेल्या '३०० वॅट टीडीपी'वर तर नक्कीच नाही. टीडीपी म्हणजे किती वॅट उष्णतेसाठी कूलर योजायचा याचा कागदोपत्री आकडा, पण तो कूलरच्या डब्यावर छापताना खोली किती अंशांची धरली हे कुणी सांगत नाही. चाचणीत दोन गोष्टी शोधा : तापमान 'खोलीपेक्षा किती वर' असं दिलंय का, आणि सगळे कूलर सारख्याच आवाजावर तपासलेत का. पंखे पूर्ण वेगाने ओरडत असतील तर सामान्य कूलरही चांगला दिसतो. आवाजाबद्दल एक स्थानिक दुरुस्ती मात्र करावी लागेल. खोलीत खिडकीचा कूलर घरघरत असेल तर दोन एआयओंमधला तीन डेसिबलचा फरक ऐकू येणारच नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

रेडिएटरची जाडी पाहा. बहुतेकांची २७ मिलिमीटर असते, आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ची ३८. जाड रेडिएटर जास्त उष्णता टाकतो, पण कॅबिनेटच्या छताखाली मदरबोर्डला अडू शकतो. पंपावरच्या छोट्या स्क्रीनने तापमान कमी होत नाही, ते फक्त दिसतं. त्या दिसण्याची किंमत कधी कधी सात-आठ हजार असते.

सगळ्यांत महत्त्वाची वॉरंटी. चांगल्या कंपन्या ५-६ वर्षं देतात, स्वस्तातल्या २-३. गळती होऊन ग्राफिक्स कार्ड गेलं तर तेही भरून देणार का, हे लेखी पाहा. आणि सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरला आहे की थेट मुंबईला पाठवावं लागतं, हेही विचारा. हिंगोलीहून मुंबईला कूलर गेला की पंधरा दिवस मशीन बंद. एअर कूलरचा पंखा गेला तर जालन्यात संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो.

## गळती, गाळ आणि आयुष्य

गळती होते का? होते, पण क्वचित. आतला द्रव 'वीज वाहत नाही' असं सांगतात, ते पूर्ण खरं नाही. बोर्डावरची धूळ त्यात मिसळली की वाहू शकते. ओल दिसली तर आधी मेन स्विच बंद करा, फोटो नंतर.

गळतीपेक्षा जास्त वेळा घडतं ते वेगळंच. रबरी नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षं अणुरेणूने उडत राहतो, आणि हवा गरम असली की जरा जास्त वेगाने. पाचेक वर्षांत आत हवेचे बुडबुडे वाढतात, पंप गुळगुळ वाजू लागतो. काही मॉडेलांत बारीक खाचांमध्ये गाळ धरतो. नामांकित कंपन्यांवरही त्यामुळे माल परत बोलावण्याची वेळ आलेली आहे. टॉप-अप करायची सोय मोजक्याच मॉडेलांना असते, बाकी सील तोडलं की वॉरंटी गेली. एआयओ ही पाच-सहा वर्षांनी बदलायची वस्तू आहे असं धरूनच हिशेब करा. एअर कूलरला पंखा सोडून बिघडायला काही नसतं, नव्या सॉकेटसाठी (प्रोसेसर बसतो त्या जागेसाठी) क्लिप मिळाली की तो पुढच्या मशीनवरही चढतो.

## पैसे न घालता काही होतं का?

होतं, आणि यात सगळ्यांत जास्त फायदा आहे, म्हणूनच बहुधा ते दुकानात ऐकायला मिळत नाही. एएमडीच्या प्रोसेसरांत बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) कमी विजेवर चालवणारा इको मोड लावता येतो. १७० वॅट वर्गाचा रायझन ९ त्याने १०५ वॅटच्या वर्गात बसतो. प्रत्यक्षातली कमाल मर्यादा २३० वॅटवरून १४२वर येते, आणि रेंडरचा वेग मात्र त्या प्रमाणात मुळीच घसरत नाही. शेवटचे थोडे टक्के वेग मिळवायला हे प्रोसेसर बेसुमार वीज खातात, ते टक्के मेपुरते सोडून द्यायचे. दिवाळीनंतर इको मोड काढून टाका.

इंटेलवाल्यांनी तर बायोसमधून वीजमर्यादा लावायलाच हवी. अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच वीजमर्यादा उठवून येत होते. त्यात १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही चिपांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून त्या कायमच्या खराब होण्याचा प्रकार २०२४ साली गाजला. इंटेलने त्या ऑगस्टमध्ये दुरुस्तीचं मायक्रोकोड (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायोस अपडेटमधून येते. तो न करता महागडा एआयओ लावणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

आणि ९५ आकडा दिसला म्हणून घाबरू नका. रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर ताणावर मुद्दामच ९५पर्यंत जातात, जितका वाव मिळेल तितका वेग काढतात. तिथे तापमान पाहण्याऐवजी घड्याळाचा वेग, म्हणजे गिगाहर्ट्‌झ, पाहा. तो टिकून असेल तर कूलर आपलं काम करतोय.

## खिडकीच्या कूलरची हवा मशीनला चालते का?

चालते, आणि उपयोगी पडते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो खोली आठ-दहा अंश खाली आणू शकतो, म्हणजे महागड्या रेडिएटरपेक्षा जास्त. अट एवढीच की हवेचा झोत थेट कॅबिनेटवर नको. आपल्या बोअरचं पाणी जड, त्याचे तुषार वाळले की पांढरे क्षार बोर्डावर बसतात. मशीन झोताच्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि कूलरही निकामी ठरतो.

## बसवताना आणि नंतर

पंप हा सगळ्या रचनेतला सर्वांत उंच बिंदू असता कामा नये. हवा वर चढते, आणि पंपात हवा साठली की तो कोरडा फिरून मरतो. रेडिएटर छताला लावला तर प्रश्नच नाही. समोर लावला तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर येतंय ना, एवढं पाहा. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला लावलेला दिसला तर दुकानदाराला तिथल्या तिथे तो छताला किंवा समोर हलवायला सांगा. पंपाची वायर मदरबोर्डवर पंपासाठी दिलेल्या पिनांवर लावून तो सतत एकाच वेगाने फिरू द्या. वेग कमी-जास्त करायचे ते पंखे.

धूळ हा आपला मोठा शत्रू. जिनिंगच्या हंगामात जालना-परभणीकडे हवेत रुईचे तंतू असतात, ते रेडिएटरच्या दाट पात्यांवर नमद्यासारखे बसतात आणि पंखा कितीही फिरला तरी हवा पलीकडे जात नाही. एअर कूलरच्या मोकळ्या पात्यांपेक्षा रेडिएटर लवकर तुंबतो. हंगाम संपल्यावर एकदा आणि उन्हाळा चढायच्या आधी एकदा ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. हवा पंख्याच्या उलट बाजूने, आतून बाहेर मारा. समोरून मारली तर तंतू पात्यांत आणखी घट्ट रुततात.